जखमी जनावर, एक फोन आणि नऊ माणसं: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, कॅनॉलच्या कडेला भाड्याच्या पाच गुंठ्यांत जखमी आणि बेवारस कुत्र्या-मांजरांना सांभाळायचं आमचं काम चालतं. पत्र्याची शेड, बारा केनेल म्हणजे कुत्र्यांचे कप्पे, मांजरांची एक खोली आणि आजारी जनावरांसाठी वेगळ्या दोन खोल्या. आम्ही नऊ जण आहोत. दोघी शिक्षिका, एक एसटीत वाहक, एक मेडिकल दुकानात, बाकीचे कॉलेजात किंवा शेतीत. पगार फक्त सकाळी केनेल धुणाऱ्या मावशींना आहे. खालचे प्रश्न रोज फोनवर येतात. विचारणारा घाबरलेला असतो, आम्ही कुठल्यातरी कामात अडकलेलो असतो आणि नीट सांगायचं राहून जातं. म्हणून इथे सावकाश लिहून ठेवतोय.

मी तीन वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही. असं कसं?

फोन ज्याच्याकडे असतो तो त्या वेळी वर्गात शिकवत असतो, गाडीत तिकिटं देत असतो, नाहीतर एका हाताने सलाइनची बाटली वर धरून दुसऱ्या हाताने कुत्र्याचा पाय धरून बसलेला असतो. आमच्याकडे रुग्णवाहिका नाही. एकाची जुनी ओम्नी आहे आणि तीही त्याच्या घरच्या कामातून सुटली तरच मिळते. दिवसाला पंधरा-वीस फोन येतात, पिल्लांच्या दिवसांत त्याहून जास्त. त्यातल्या दोन-तीन ठिकाणी आम्ही खरोखर पोहोचू शकतो. बाकीच्यांना फोनवर काय करायचं ते सांगतो.

फोन लागला नाही तर व्हॉट्सॲपवर जनावराचा फोटो, जागेचं लोकेशन आणि एक ओळ पाठवा: "मी इथे इतके वाजेपर्यंत थांबू शकतो." त्या ओळीला आम्ही फोटोपेक्षा जास्त किंमत देतो. जखमी कुत्रं एका जागी पडून राहत नाही. ते फरफटत झुडपात शिरतं, गटारात उतरतं, उसात जातं. आम्ही अर्ध्या तासाने पोहोचतो तेव्हा फोन करणारा निघून गेलेला असतो आणि रस्त्यावर नुसता रक्ताचा डाग असतो. मग टॉर्च घेऊन दोन तास शोधायचं. पुष्कळदा सापडत नाही. ती रात्र झोपेविना जाते.

तुम्ही येईपर्यंत मी काय करू?

आधी तुमचा जीव. पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे पळत मध्ये जाऊ नका. आधी गाडी कडेला लावून, इंडिकेटर चालू करून मागच्या गाड्यांना सावध करा. जवळ जाताना समोरून वाकू नका, बाजूने जा आणि हळू आवाजात बोलत राहा. वेदनेतलं कुत्रं कितीही गरीब असलं तरी चावतं. ओढणी किंवा पट्टीचा फास करून तोंड सैल बांधता येतं. पण ते ओकत असेल किंवा त्याला धाप लागली असेल तर तोंड मुळीच बांधू नका.

उचलताना पाय धरून उचलू नका. चादर, गोणपाट किंवा प्लायवूडचा तुकडा अंगाखाली सरकवा आणि दोघांनी मिळून उचला. मणका दुखावला असेल तर एका चुकीच्या झटक्याने उरलेलं सगळं जातं. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं न सोडता दाबून धरा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

आणि जखमेत किडे पडलेले दिसले तर रॉकेल, पेट्रोल, फिनेल यातलं काहीही ओतू नका. लोक हे चांगल्या भावनेने करतात हे मला माहीत आहे. पण त्याने आतलं मांस भाजतं, किडे आणखी खोल शिरतात आणि कुत्रं ते चाटून विषबाधेने जातं. जनावरांच्या मेडिकलमध्ये यासाठी स्प्रे मिळतो. तो मारून, डोळे आणि तोंड सांभाळून, आम्हाला कळवा. पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या जखमांत अशाच जास्त असतात. सुरुवातीला ती रुपयाएवढी असते. चार दिवस कुणी पाहिलं नाही तर डोक्याचं हाड दिसायला लागतं.

"जागा नाही" म्हणजे काय? एका पिल्लाला कितीशी जागा लागते?

या प्रश्नाचं उत्तर मला थोडं सविस्तर द्यायचं आहे. नाही म्हणणं आम्हाला सगळ्यांत जड जातं आणि त्यावरूनच आम्हाला सगळ्यांत जास्त बोलणी बसतात.

सुरू केलं तेव्हा आम्ही कुणालाच नाही म्हणत नव्हतो. दुसऱ्या वर्षी, पौषात, एका सकाळी गेटवर खोका होता. त्यात पाच पिल्लं, थंडीने कुडकुडणारी. चिठ्ठी नाही, काही नाही. आम्ही त्यांना आत घेतलं, उबेसाठी आमच्याच सात पिल्लांशेजारी ठेवलं. तिसऱ्या दिवशी एकाला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांमध्ये झपाट्याने पसरणारा जीवघेणा आजार. दहा दिवसांत आम्ही नऊ पिल्लं पुरली. त्यातली सहा आमची होती, ज्यांना आम्ही बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं आणि ज्यांच्या लसीची तारीख पुढच्याच आठवड्यातली होती.

पार्व्होचा विषाणू जमिनीत, फरशीच्या फटीत, चपलेच्या तळव्याला महिनोन्‌महिने जिवंत राहतो. साध्या फिनेलने तो मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. मातीची जमीन ब्लीचनेही पुरती साफ होत नाही. म्हणून आता नवीन जनावर चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहतं. त्याची भांडी वेगळी, गोणपाट वेगळं, त्याच्याकडे जाणारा माणूस सगळ्यात शेवटी जातो आणि हात-पाय धुऊन बाहेर येतो. अशा खोल्या दोनच आहेत. त्या भरल्या की बाहेर मैदान रिकामं दिसत असलं तरी आमच्याकडे जागा नसते.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूचा आजार, त्याचं दुखणं याहून अवघड. पार्व्होमध्ये चार-पाच दिवस सलाइन आणि औषधं नीट गेली तर पिल्लू वाचू शकतं. डिस्टेंपरमधून उठलेलं कुत्रं पुष्कळदा आठवड्यांनी झटके द्यायला लागतं, जबडा आपोआप हलत राहतो, एक पाय ठोक्यासारखा उडतो. अशा एका कुत्र्याशेजारी रात्री कुणीतरी बसावं लागतं. नऊ जणांत रात्री बसू शकणारे तिघे आहेत.

तेव्हा "नाही" म्हणतो ते आत आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या घराच्या एका कोपऱ्यात, बाथरूममध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत तुम्ही पंधरा दिवस एक पिल्लू सांभाळलंत तर औषध, लस, डॉक्टर आणि पुढचं घर शोधणं हे सगळं आम्ही बघतो. याला फॉस्टर म्हणतात. आमची जागा याच मार्गाने वाढते.

पिल्लांजवळ आई दिसत नाही. आणून देऊ का?

लगेच नको. आई अन्न शोधायला गेलेली असते किंवा तुम्ही उभे आहात म्हणून लांब बसलेली असते. लांबून दोन-तीन तास बघा. पिल्लं गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई येतेय असं समजा. ती थंड पडली असतील, सारखी रडत असतील, अंगावर मुंग्या असतील तर मात्र वाट बघू नका.

मांजरीच्या पिल्लांबाबत सगळ्यांत जास्त घाई होते. मांजर जागा बदलते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते आणि मधल्या वेळात उरलेली दोन कुणीतरी "अनाथ" म्हणून आमच्याकडे आणतं. डोळे न उघडलेलं पिल्लू वाढवायचं म्हणजे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पोटावर पालथं ठेवून पाजायचं आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. आई चाटते म्हणून ती होते, एरवी आपली आपण होत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पहिली गरज दुधाचीही नसते, उबेची असते. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर पोटात ते पचत नाही.

आमच्या सोसायटीतली कुत्री उचलून घेऊन जा. तुमचं कामच आहे ना ते?

नाही. कायद्याने आम्हाला तसं करता येत नाही आणि करता आलं असतं तरी केलं नसतं.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजविरोधी लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ते काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच करून घ्यायचं असतं आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली यावर बरंच काही झालं. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री कायमची निवारागृहात ठेवण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून मूळ जागी सोडावीत असं सांगितलं. ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री मात्र तिथे परत सोडू नयेत असा आदेश आला. त्या प्रत्येक आदेशानंतर आठवडाभर आमचा फोन सतत वाजत होता. कुणाला वाटत होतं आम्ही सगळी कुत्री नेणार, कुणाला वाटत होतं आम्ही ती लपवणार.

सोसायटीतली कुत्री लांब नेऊन सोडली तर काय होतं ते आम्ही पाहिलंय. जागा रिकामी राहत नाही. उकिरडा तसाच असतो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत नवी टोळी येते. तिची नसबंदी नसते, लस नसते आणि तुमची मुलं तिला ओळखत नसतात. नेऊन सोडलेली कुत्री अनोळखी हद्दीत मारामाऱ्यांत तरी मरतात किंवा परत यायच्या वाटेवर महामार्गावर. तुमच्या सोसायटीत चार कुत्री असतील तर चौघांची नसबंदी झालीय का ते बघा. झालेल्या कुत्र्याचा एक कान टोकाला किंचित कापलेला असतो. झाली नसेल तर नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्या आणि पकडायच्या दिवशी त्यांना रोज खायला घालणारं माणूस हजर ठेवा. जाळीवाल्यांना सापडत नाही ते कुत्रं त्या माणसाच्या हाकेला येतं.

मग नसबंदी तुम्ही का करत नाही? सगळं मूळ तिथेच आहे.

मूळ तिथेच आहे, शंभर टक्के मान्य. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, दोन महिने पोटात वाढतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात, नेमक्या थंडीच्या तोंडावर, पिल्लं होतात. एकेका कुत्रीला सहा-सहा. संक्रांतीपर्यंत त्यातली निम्मी गाडीखाली किंवा पार्व्होने गेलेली असतात. त्या तीन महिन्यांत जे बघावं लागतं ते दरवर्षी नव्याने बघावं लागतं.

पण नसबंदी म्हणजे नुसतं ऑपरेशन नाही. सोडलेल्या कुत्रीच्या पोटाचे टाके उघडले तर तिची आतडी रस्त्यावर येतात, म्हणून टाके सुकेपर्यंत कोरडी, स्वच्छ जागा लागते. सराईत सर्जन लागतो. आमच्या भागातले सरकारी पशुवैद्यक मेहनती आहेत, पण त्यांचा दिवस गायी-म्हशींत जातो. अवघड केस आम्ही शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जातो. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, म्हणजे कुणाची तरी एक रजा.

मोठ्या प्रमाणावर, चिकाटीने केलं तर काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. गोव्यात गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरणारी पथकं, शाळांमधून मुलांना शिकवणं आणि सरकारचा हात असं सगळं मिळून वर्षानुवर्षं कुत्र्यांचं लसीकरण झालं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. आम्ही आमच्या गावात पाच वॉर्डांपुरती ही मोजणी वहीत ठेवतो. तेवढंच झेपतं.

कुत्रं चावलं. ते तर लहान पिल्लू होतं, इंजेक्शन घ्यायलाच हवं का?

हो. आजच. हे वाचणं थांबवा आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. चुना, हळद, मिरची काही लावू नका. मग सरकारी दवाखान्यात जा, तिथे लस मोफत मिळते. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात घेतात. चार-पाच वेळा जावं लागतं आणि एकही तारीख चुकवायची नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला आधीच तीन डोस घेतल्याशिवाय आम्ही केनेलमध्ये जाऊ देत नाही. पुढे चावलं तर त्यांना फक्त दोनच डोस लागतात, पण ते लागतातच.

तुम्ही कुत्र्यांना मारून टाकता असं ऐकलं. खरं आहे का?

महामार्गावरून आणलेला एक पिवळा कुत्रा होता. मणका तुटलेला, मागचं अंग बधिर, मूत्राशय फाटलेलं. तो माझ्याकडे बघत शेपूट हलवायचा प्रयत्न करत होता आणि शेपूट हलत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवस जाईल, वेदनेत जाईल. आम्ही त्याला त्या संध्याकाळी दयामरण दिलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. आधी गुंगी, मग शेवटचं औषध. त्याला त्या क्षणी काही दुखलं नाही याची मला खात्री आहे.

बरं होण्याची आशा नाही आणि वेदना थांबवता येत नाहीत, अशाच वेळी आम्ही हे करतो. निर्णय नोंदणीकृत पशुवैद्यक घेतात, आमच्यातले दोघे सोबत असतात आणि कारण वहीत लिहिलं जातं. जागा कमी आहे, म्हातारं आहे, कुणी दत्तक घेत नाही, या कारणांसाठी आजवर एकदाही केलेलं नाही.

मागचे पाय गेलेली सगळीच कुत्री यात येत नाहीत. आमच्याकडे आज दोन आहेत. त्यांना दिवसातून तीनदा पोट दाबून लघवी करवावी लागते, कूस बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. ती दोघं खातात, भुंकतात, मागे चाकांचा गाडा बांधला की अंगणभर पळतात. तिसरं कुत्रं तसंच आलं तर आमच्याकडे तेवढे हात आहेत का, हा प्रश्न मी टाळते आहे. कधीतरी तो टाळता येणार नाही.

देणगीचे पैसे कुठे जातात?

तांदूळ दिवसाला आठ किलो, त्यात चिकनच्या दुकानातले पाय आणि माना. लसी, जंताचं औषध, गोचीडतापाच्या गोळ्या, सलाइन, कापूस. मावशींचा पगार. जागेचं भाडं. लाइट बिल आणि पाणी. ओम्नीचं पेट्रोल. मेडिकल दुकानात आमची उधारी कायम असते. दुकानदार काकांनी ती कधी बोलून दाखवली नाही, याचं ओझं वेगळंच वाटतं.

रक्ताळलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला की त्या एका कुत्र्यासाठी पैसे येतात आणि तेवढ्यासाठीच येतात. फिनेल, झाडू, फुटलेला पत्रा, पगार यासाठी मागितलं की कुणी उत्तर देत नाही. पण पत्रा गळत असेल तर ऑपरेशन झालेलं कुत्रं भिजतं. तुम्ही दर महिन्याला शंभर रुपये द्यायचं ठरवलंत तर वर्षातून एकदा आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा आम्हाला त्याचा जास्त आधार वाटतो, कारण त्यावर पुढच्या महिन्याचं काही ठरवता येतं.

पावती मिळेल का? परदेशातून पैसे पाठवू का?

पहिली दोन वर्षं पैसे माझ्या वैयक्तिक खात्यावर यायचे. ती चूक होती. हिशोब प्रामाणिक होता, तरी लोकांनी शंका घेतली आणि त्यांचं बरोबरच होतं. आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे, ट्रस्टचं खातं आहे, दरवर्षी ऑडिट होतं. आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती मिळते. दोन हजारांवरची रोख देणगी मात्र त्या सवलतीत धरली जात नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.

परदेशात राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय आम्हाला काही घेता येत नाही आणि ती नोंदणी आमच्याकडे नाही. अमेरिकेतल्या बे एरियातून एक ताई सारख्या विचारतात, त्यांना नाही सांगताना फार वाईट वाटतं. त्यांनी मग साताऱ्यातल्या आपल्या भाचीला आमच्याकडे पाठवलं. भाची आता दर शनिवारी येते.

आम्ही बदली होऊन चाललोय. आमचा लॅब्रेडॉर ठेवून घ्याल?

शक्यतो नाही. बारा वर्षं सोफ्यावर झोपलेलं कुत्रं केनेलच्या फरशीवर खाणं सोडतं, गेटकडे तोंड करून बसतं. आम्ही हे फार वेळा पाहिलंय. तुमच्याच घरात असताना त्याच्यासाठी नवं घर शोधायला आम्ही मदत करू. फोटो काढू, येणाऱ्यांची चौकशी करू. त्याला दोन-तीन महिने लागतील, म्हणून बदलीची कुणकुण लागताच कळवा, ट्रक दारात आल्यावर नको.

रात्री गेटला बांधून जाणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ठरलेली ती रक्कम आजही तीच आहे. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेल्यावर समोरचा माणूस ती रक्कम वाचून दाखवतो, तेव्हा पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

दत्तक देताना एवढी चौकशी कशाला? फुकट तर देताय.

शेतावर साखळीला बांधायला, नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून द्यायला, महिनाभर बघून "नाही जमलं तर" परत आणायला असे विचारणारे पुष्कळ येतात. आम्ही घर बघायला येतो, घरातल्या सगळ्यांशी बोलतो, घरमालकाची परवानगी विचारतो आणि नसबंदीचं लेखी कबूल करून घेतो. तरीही काही परत येतात. परत आणणाऱ्यावर आम्ही रागावत नाही, कारण मग पुढचा माणूस परत न आणता रस्त्यावर सोडेल.

"मादी नको" हे आम्ही जवळजवळ प्रत्येक फोनवर ऐकतो. गेटवरच्या खोक्यांतही म्हणून माद्याच असतात. नसबंदी झाल्यावर मादीचा कसलाही त्रास नसतो. काळ्या रंगाची मादी असेल तर तिला वर्ष-वर्ष घर मिळत नाही. आमच्याकडे अशा चौघी आहेत, या आणि त्यांना भेटा.

बिबट्याचं पिल्लू, साप, पोपट, गाय?

वन्यप्राण्यासाठी वनविभागाचा १९२६. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर त्यांना हात लावू नका, गर्दी करू नका, तोड थांबवून मागे सरा. वनविभागाची माणसं पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बहुतेकदा आई रात्री येऊन नेते. माणसांनी उचलून घरी नेली की हे सगळं बिघडतं. पिंजऱ्यातला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. गायी-म्हशी-शेळ्यांच्या आजारासाठी पशुसंवर्धन विभागाचा १९६२.

संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेली घार किंवा घुबड दिसलं तर मांजा ओढू नका. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी कापा, अंगात रुतलेला भाग तसाच ठेवा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून कळवा. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी दरवर्षी पंख कापलेले पक्षी येतातच.

मला स्वयंसेवक व्हायचंय. काय करावं लागेल?

पहिला महिना कुत्री कुरवाळायला फार कमी मिळतील. गोणपाटं धुणं, भात शिजवणं, औषधांच्या वेळा फळ्यावर लिहिणं, गाडीत मागे बसून खोकं धरणं. आमच्याकडे येणारे बहुतेक जण तीन महिन्यांत थांबतात. परीक्षा, लग्न, पुण्यात नोकरी, घरच्यांचा विरोध. त्यांच्याबद्दल मनात काही नाही, पण दर वेळी एखादं जनावर त्या माणसाची वाट बघतं. म्हणून आठवड्यातून दोनच तास द्या, पण तोच वार आणि तीच वेळ ठेवा. दिवाळीत गावी जाणार असाल तर आधी सांगा. फटाक्यांच्या त्या चार रात्री प्रत्येक केनेलपाशी माणूस लागतं. केनेल फोडून पळालेला एक कुत्रा आम्हाला अजून सापडलेला नाही.

घरातली शिळी पोळी, जुनी वर्तमानपत्रं, कपडे आणू का?

वर्तमानपत्रं, चादरी, गोणपाटं, जुने टॉवेल जरूर आणा. पोळी कोरडी असेल तर चालेल. लग्नातलं उरलेलं मसालेदार जेवण, कांदा घातलेलं काहीही आणि चॉकलेट नको.

तुम्ही थकत नाही का? बंद करावंसं वाटत नाही?

वाटतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने सलग चार पिल्लं पुरल्यावर येणं थांबवलं. आम्ही तिला बोलावलं नाही, नुसतं दर रविवारी फोन करत राहिलो. पाच महिन्यांनी ती आली आणि म्हणाली, मी फक्त हिशोब बघीन. तेव्हापासून हिशोब तिच्याकडे आहे आणि तो पहिल्यांदाच वेळेवर होतो. त्यानंतर आम्ही ठरवलं की एका माणसाने लागोपाठ दोन मरणाच्या केस घ्यायच्या नाहीत आणि महिन्यातून एक आठवडा प्रत्येकाचा फोन बंद. त्या आठवड्यात तुमचा फोन लागला नाही तर आधीच माफी मागते.

जागेच्या मालकांनी यंदा भाडेकरार अकरा महिन्यांऐवजी सहाच महिन्यांचा केलाय. शेजारच्या प्लॉटवर घरं होतायत आणि भुंकण्याच्या तक्रारी येतायत. त्यांचंही खोटं नाही, रात्री आवाज होतो. कॅनॉलच्या पलीकडे, गावापासून चार किलोमीटर आत एक पडीक तुकडा बघून ठेवलाय. तिथे वीज नाही. कुणाला तालुक्यात दुसरी जागा माहीत असेल तर सांगा.

भेटायला कधी यावं?

रविवारी चार ते सहा. गेटच्या आत लगेच उजवीकडे ब्लीचच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं आहे, त्यात चपलांचे तळवे बुडवूनच पुढे या. लहान मुलांच्याही.